ओला मुखवटा

१

देवीच्या मुखवट्यात हात घातला आणि तो ओला होऊन बाहेर आला.

दुपारचे बारा वाजत होते. मी आतलं अस्तर टाचायला बसले होते. आधी वाटलं, कुणीतरी पाणी सांडलं असेल. हात नाकाशी नेला तर घाम! चाळीस वर्षं मी नाशकात नाटकाची ड्रेपरी भाड्यानं देते. राजे, राक्षस, गवळणी, गॅदरिंगमधल्या पऱ्या, सगळ्यांचे घाम मी धुतलेत. घाम ओळखण्यात माझी चूक होत नाही. बाकी कशाकशात होते ते पुढे येईलच.

मुखवट्याच्या आत फडक्याचं एक वेटोळं पडलं होतं. तेही ओलंचिंब. मी ते चडफडत झटकलं, खिडकीच्या गजावर वाळत टाकलं आणि हाक मारली, "धवळू भगत! अहो, लवकर इकडे या. देवी कुणीतरी घातलीय."

खैरपाडा हे इगतपुरीच्या वरच्या अंगाचं गाव. तिथला बोहाडा जुना. देवांचे आणि दैत्यांचे लाकडी मुखवटे घालून सगळं गाव नाचतं, त्याला बोहाडा म्हणायचं. एकेक मुखवटा म्हणजे एकेक सोंग, आणि एकेक सोंग एकेका घराच्या मानाचं. एका घरातल्या दोन भावांत आजोबांनी वाटणी केली तेव्हा थोरल्या सावळीरामला देवी मिळाली आणि धाकट्या सहादूला महिषासुर. थोरल्याच्या घरी नाचणारं कुणी उरलं नाही तर देवी धाकट्याकडे जाणार, असंही ठरलेलं. मानकऱ्याशिवाय दुसऱ्या कुणी देवी डोक्यावर घेतली तर त्याचं सोंग जातं, त्याच्या घराचंही जातं. बायकांनी मुखवट्याला हात लावायचा नाही. मी शिंपीण म्हणून मला तेवढी सूट. सगळ्यांचे कपडे माझ्याकडचे. देवीची चोळीसुद्धा माझीच, सावळीरामची बायको कुसाबाई सुतळीला गाठी मारून माप आणते आणि मी शिवते.

यंदा शहरातल्या लोककला महोत्सवानं खैरपाड्याला बोलावलं होतं. गावात बोहाडा रात्रभर चालतो, शहरातल्या लोकांना तेवढी जाग कुठली. म्हणून दुपारी चारची वेळ ठरली होती, आणि मैदानामागच्या हॉलमध्ये गावाचा मुक्काम पडला होता.

भगतानं मुखवट्यात हात घातला आणि त्याचा चेहरा उतरला. "नवाला पूजा केली तवा खडखडीत कोरडा व्हता," तो म्हणाला.

म्हणजे नऊ ते बारा. पंच जमले. महोत्सवाची तेजस्विनी धावत आली, तिला रडू फुटायचं बाकी होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. गेल्या साली एका शाळेच्या गॅदरिंगमध्ये राजाच्या मिशा कुणी पळवल्या ते मी पाच मिनिटांत शोधलं होतं, आणि ती गोष्ट मीच गावभर सांगितली होती.

"तुमची नजर लय बारीक, मालनबाई," भगत म्हणाला. "तुमीच काढा हुडकून."

मी फुगले. आज लाज वाटते, पण तेव्हा खरंच फुगले.

२

सावळीराम हॉलच्या पायऱ्यांवर बसला होता. पाच पायऱ्या. तीन चढून झाल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. त्याला मी पाच-सहा वर्षांनी बघत होते. माणूस चांगलाच सुटला होता, सदऱ्याची बटणं पोटावर ताणलेली. शेजारी कुसाबाई पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मार्चचं ऊन रणरणतंय आणि बाईनं पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट ओढून घेतलेला.

"सावळीरामभाऊ, तुम्हीच तर घातली नाहीत ना देवी?"

"माझा उपास हाय, बाई." एकेक शब्द तो ओझ्यासारखा उचलून ठेवत होता. "येळेआधी... कशापायी घालू?"

"त्यांना नका तरास देऊ, मालनताई," कुसाबाई म्हणाली. "चारला नाचायचंय त्यांना."

नवऱ्याला किती जपते, असं मनात म्हणत मी पुढे गेले.

रोहित गावचाच, सातपूरला कंपनीत नोकरीला. त्याला व्हिडिओचं वेड. मुखवट्यांभोवती फोन घेऊन कालपासून घिरट्या घालत होता, म्हणून माझा पहिला संशय त्याच्यावर.

"मावशी, मी नऊपासून लाइव्ह होतो. हे बघा ना," त्यानं फोन पुढे केला. खरंच, तीन तास मैदानाचं फाटक आणि त्याच्यापुढे रोहितचं तोंड. स्वतःचं तोंड इतका वेळ दाखवणारा माणूस ते झाकायला कशाला जाईल? मी त्याला सोडून दिलं.

तेजस्विनीनं काल मुखवटा घालून फोटो काढायची इच्छा बोलून दाखवली होती. पण देवीचा मुखवटा उंबराच्या लाकडाचा, नऊ किलोचा. मागून कुणी धरल्याशिवाय चढत नाही की उतरत नाही. त्या पोरीची मान मोडली असती. शिवाय सकाळभर ती मांडववाल्याशी भांडत होती, ते सगळ्या मैदानानं ऐकलं होतं.

राहिला सहादू. तो कोपऱ्यात महिषासुर मांडीवर घेऊन शिंगांना तेल लावत होता. काळाकभिन्न मुखवटा, त्यावर लाल रंगाचा ठिपकासुद्धा नाही. आणि सहादूच्या दोन्ही हातांच्या बोटांची टोकं लालभडक.

देवीच्या मुखवट्याची कड कालच नव्यानं लाल रंगवली होती. ती अजून चिकट होती.

"सहादू, हा रंग कुठला रे?"

त्यानं बोटांकडे पाहिलं. मग माझ्या खांद्यावरून दाराकडे पाहिलं. त्यानं दोन्ही हात सावकाश खिशात घातले.

३

शहाण्या बाईनं त्याला बाजूला घेऊन विचारलं असतं. मी हॉलच्या मधोमध उभी राहिले. खैरपाड्याची चाळीस माणसं गोल करून बसली होती. मी आवाज चढवून बोलले, कारण मला बोलायला मजा येत होती.

"नऊ ते बारा या वेळात देवीजवळ कोण गेलं? ज्याच्या बोटांना देवीचा रंग आहे तो. देवी कुणाला हवी होती? सात वर्षांपूर्वी भर पंचायतीत 'एक वरीस मला नाचवू द्या' म्हणून कोण भांडलं होतं? सहादू, हात काढ खिशातून!"

त्यानं हात काढले. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"घातलीस का देवी?" भगतानं विचारलं.

सहादूनं बोटं मुठीत मिटली.

"नाय घातली म्हण, आन् देवीच्या लाकडावर हात ठेव. आमी ऐकू."

सहादूनं एकदा भावाकडे पाहिलं, एकदा भावजयीकडे. मला त्या नजरेत मत्सर दिसला. मला तेव्हा जे हवं होतं तेच दिसत होतं. तो खाली बसला, वाकला आणि कुणी सांगायच्या आत देवीच्या मुखवट्यासमोर फरशीवर नाक घासलं.

"कबूल केलं त्यानं," एक पंच म्हणाला. सगळ्यांनी मान हलवली. मग भगतानं निवाडा दिला, "आजच्यापुरता नाच. म्हैषासुर नसला तर देवी निघत नाय. उंद्यापासनं तुझं सोंग गेलं. तुझ्या घराचं बी गेलं, पिढ्यान् पिढ्या."

पायरीवर सावळीराम ढसाढसा रडत होता. भावाची माया, असं मी तेजस्विनीला कुजबुजले. पंचांनी माझ्या हातात मानाचा नारळ ठेवला. मी तो घेतला.

४

अडीचला खिडकीशी चहा पीत उभी होते. गजावरचं फडकं वाळून कडक झालं होतं. समोर मैदानात पाण्याचा टँकर लागला होता आणि खैरपाड्याच्या बायका स्वयंपाकाला पाणी नेत होत्या. कुसाबाईनं कमरेचा पंचा काढला. दोन पीळ दिले, बोटांभोवती वेटोळं केलं, टोक आत खोचलं. चुंबळ तयार. ती डोक्यावर ठेवून वर हंडा. हे सगळं शेजारणीशी बोलत, हातांकडे न बघता.

हॉलच्या ओट्यावर तिनं हंडा उतरवला तेव्हा चुंबळ हंड्याच्या बुडाला चिकटूनच खाली आली.

मी चहाचा कप खिडकीत ठेवला.

मुखवटा चढवण्याआधी पुरुष डोक्याला फडकं बांधतात. फेट्यासारखे वेढे, मागे गाठ. मुखवटा उतरला तरी फडकं डोक्यावरच राहतं. चाळीस वर्षं मी तेच बघत आले होते. आणि आज देवीच्या आत काय होतं? टोक खोचलेलं वेटोळं. मी ते माझ्याच हातांनी उचललं होतं आणि झटकून टाकलं होतं. खैरपाड्यात पाणी कोण वाहतं? पुरुषाच्या हाताला चुंबळ येतच नाही.

मग एकेक गोष्ट डोळ्यांपुढे यायला लागली. नऊ किलोचा मुखवटा उतरवायला मागून दुसऱ्याचे हात लागतात. उतरवणाऱ्याची बोटं रंगतात. पण ज्यानं तो घातला त्याच्या खांद्यांवर कड टेकते, रंग खांद्यांना लागायला हवा. सहादूचा पांढरा सदरा स्वच्छ होता. मी मागचे हात पकडले आणि डोकं शोधायचं विसरून गेले.

ट्रंक उघडून देवीची चोळी काढली. चार वर्षांपूर्वी कुसाबाई सुतळी घेऊन आली होती. "वाळलेत जरा," म्हणाली होती, म्हणून मी चाळीसची चोळी चौतीसवर आणली. ज्याच्या पोटावर सदऱ्याची बटणं टिकत नाहीत, तो माणूस चार वर्षं ही चोळी घालत होता म्हणे! हे मला, शिंपिणीला, कळू नये? जीभ हासडून घ्यावी असं झालं.

"कुसाबाई, जरा आत या." मी दार लावलं. "माझ्याकडे पाठ करा."

तिनं माझ्या हातातली चोळी पाहिली आणि मुकाट्यानं पाठ केली. मी चोळी तिच्या पाठीला लावली. शिवण शिवणीवर बसली. तिच्या खांद्यावरून पदर आपोआप खाली सरकला. दोन्ही खांद्यांवर लुगड्याला लाल रंगाच्या दोन रेघा होत्या.

५

ती भिंतीला टेकून खाली बसली. मीही बसले.

"चार वर्सं झाली," ती म्हणाली. "त्यांना दम लागतो. डागदर म्हणला, नाचलात तर जागेवर जाल. आमाला दोन्ही लेकी. देवी सुटली असती. त्या साली सोंग निघायच्या येळेला हे खोलीत आडवे झाले. भायेर संबळ वाजाया लागलेला. मी लुगडं नेसलेलीच व्हते. ह्यांनी कसंबसं उठून मागून धरली, मी चढवली देवी, आन् गेले भायेर."

"आणि कुणाला कळलं नाही?"

"कसं कळंल? सोंगाला लुगडंच असतं. मी खोलीत कपडे राखते असं समदे समजत्यात." तिनं हातांकडे पाहिलं. "पयल्या साली लय भ्याले, ताई. दुसऱ्या सालीही भ्याले. आता वरीसभर वाट बघते. पाणी भरते, भात लावते, भाकरी थापते, आन् पाय आपले आतल्या आत टाकीत राहते. एकदा देवी चढली की कुनी मला 'ए' म्हणत नाय. समदं गाव पाया पडतं. पाप आसंल तर आसंल."

दुकान बंद केल्यावर मीसुद्धा कितीदा राजाचा जिरेटोप घालून आरशापुढे उभी राहिलेय. कुणाला सांगितलं नाही.

"सहादूला माहीत आहे?"

"भावजींना पयल्या फेरीतच उमगलं. म्हैषासुर देवीला छातीनं धडक देतो. ते धडक द्यायला आले आन् थबकले. तवापासनं शिंग वळवून घेत्यात, मला लागू देत नायत. आज हितली जागा लहान म्हणून सकाळी समदे न्याहारीला गेल्यावर त्यांनीच माझ्याकडून पावलं करून घेतली. मुखवटा त्यांनीच उतरवला."

म्हणजे एक शब्द बोलला असता तर देवी सहादूच्या घरात आली असती. त्याऐवजी त्यानं स्वतःचं सोंग दिलं. आणि मी त्याला चाळीस माणसांत खिशातून हात काढायला लावले होते.

"मगाशी का नाही बोललात?" मी तिच्यावर उगाचच खेकसले.

"बोलायला उठले व्हते," कुसाबाई रडत म्हणाली. "ह्यांनी पदर धरला."

६

सहादू मांडवामागे एकटा बसला होता. मी त्याच्या कानाशी वाकून म्हणाले, "चूक झाली रे माझी. मला सगळं कळलंय."

तो दचकला. "कुनाला बोलू नका, बाई."

"तुझ्या घराचं सोंग गेलं."

"गेलं तर गेलं."

"अरे, तू बोलला असतास तर देवी तुझ्याकडे आली असती!"

"मला काय करायची?" तो म्हणाला. "वयनीवानी नाचता येतं व्हय मला?"

तिथून मी तडक सावळीरामकडे गेले. मान खाली घालून तो ऐकत होता. मी म्हटलं, "तुम्ही बोला, नाहीतर मी बोलते. बरं दिसेल ते तुम्ही बोललात तर." त्यानं काठी जवळ ओढली. मग म्हणाला, "चारला बोलतो."

चारला मैदान भरलं. संबळ सुरू झाला, पिपाणी वाजली आणि महिषासुर रिंगणात आला. काय नाचतो तो! शिंगं उगारून चारी बाजूंनी देवीला आव्हान देत फिरला. शहरातल्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. आता समोरून देवी यायची.

आला सावळीराम. उघड्या डोक्यानं, काठी टेकत. तेजस्विनीला काही कळेना. त्यानं तिच्याकडून माइक घेतला.

"ह्यो मान," तो दम खात म्हणाला, "मी चार वर्सं फुकट खाल्ला. नाचत व्हती ती माझी बायको. मी आत पडून वाहवा ऐकायचो. आन् आज माझा भाऊ माझ्यासाठी नाक घासत व्हता, तवा मी... मी बायकोचा पदर धरून बसलो."

खैरपाड्याच्या माणसांत एक आवाज उठला आणि विरला. धवळू भगत उठला, देवीच्या मुखवट्यावर लाल कापड टाकलं आणि त्याच्यापुढे आडवा उभा राहिला. "आज देवी निघनार नाय," तो म्हणाला.

पण महिषासुर उभा होता. तो एकदा रिंगणात आला की देवीनं मारल्याशिवाय खाली पडत नाही, आणि तो पडेपर्यंत संबळ थांबत नाही. ही रीत. संबळवाल्यानं भगताकडे पाहिलं, भगतानं पंचांकडे, पंचांनी जमिनीकडे. संबळ वाजत राहिला. सहादू नाचत राहिला.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. एवढं लाकूड डोक्यावर घेऊन तो गोल गोल फिरत होता, मारायला कुणी येत नव्हतं. पाय अडखळायला लागले. एकदा गुडघा टेकला, पुन्हा उठला. शिट्ट्या बंद झाल्या. लोकांना वाटलं, हे असंच बसवलेलं असेल. फोन वर करून सगळे बघत होते. मी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होते. हे माझ्यामुळे चाललंय, एवढंच मनात येत होतं.

मग बायकांच्या घोळक्यातून कुसाबाई निघाली. मुखवटा नाही, चोळी नाही, हळदकुंकू नाही. रोजचं लुगडं आणि उघडं तोंड. भगताकडे तिनं बघितलंही नाही. मुखवट्याला शिवली नाही, म्हणून त्यालाही काही बोलता येईना. ती पावलं टाकत रिंगणात आली आणि मी बघत राहिले, कारण ती पावलं देवीचीच होती. महिषासुर थांबला. तिनं पुढे होऊन त्याच्या छातीवर हात ठेवला.

सहादू धाडकन मातीत पडला. संबळ थांबला.

मैदानात टाळ्यांचा कडकडाट झाला. खैरपाड्याचा एकही माणूस टाळ्या वाजवत नव्हता.

मी धावत गेले. रोहितनं आणि मी मिळून त्याच्या डोक्यावरून मुखवटा काढला. सहादूचा चेहरा घामानं आणि मातीनं माखलेला होता. डोळे मिटलेले होते. मी त्याच्याजवळ गुडघे टेकले, त्याच्या कानाशी गेले आणि म्हणाले, "सहादू, मला माफ कर."

त्यानं डोळे उघडले. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"कानात नको, बाई," तो म्हणाला. "पंचांफुडं कानात नव्हतं बोललात."

मी उठले. सावळीराम अजून माइक धरून तसाच उभा होता. मी तो त्याच्या हातातून घेतला.